रेळीतली दोन पानं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अण्णाला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि देवासमोर तर रोज डोळे मिटून भलतंच काहीतरी पुटपुटत आलो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला तोंडावर सांगायची छाती असती – तर ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वी त्याच दुपारी मिटली नसती का?

मी सेतुमाधव. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत राहतो. लग्न केलं नाही. अण्णा माझा थोरला भाऊ, तो जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात आम्ही दोघंच – मी आणि अण्णाची बायको, माझ्या वैनी. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा त्या लग्न होऊन आल्या. तेव्हापासून मी जे काही जेवलो ते बहुतेक त्यांच्याच हातचं. एवढं लक्षात ठेवा. मी ते सोयीने विसरत आलो, तुम्ही तरी विसरू नका.

पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेल्या आमच्या मराठी लोकांची एक गंमत आहे. बाहेर तमिळ, घरात मराठी, पण मराठी वाचायची म्हटली की सगळे अडतात. देवनागरी अक्षर दिसलं की पोथी समजून हात जोडतात! मला वडिलांनी पाटीवर गिरवायला लावलं, पुढे मी पुण्याहून पुस्तकं मागवून वाचत गेलो, म्हणून माझी लिहिण्याची भाषा ही अशी पुस्तकातली. वैनी तमिळ वर्तमानपत्र पहिल्या बातमीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. देवनागरीतलं त्यांना ‘श्री’ तेवढं ओळखू येतं. निवृत्त झाल्यावर मी रविवारी सकाळी गल्लीतल्या मुलांसाठी मराठीचा वर्ग काढला. आठ-नऊ मुलं येतात. दर रविवारी दोन-तीन अक्षरं, एक नवा शब्द, आणि शेवटी वैनींनी केलेलं सुंडल – उकडलेले चणे, वर मोहरीची फोडणी आणि खोबरं. मुलं अक्षरांसाठी येतात की चण्यांसाठी, हे मी कधी विचारलेलं नाही.

लोकांत मला मान आहे. हेही सांगायला हवं, कारण किळस येते ती ह्याचीच. कुणाकडे पंगत असली की मला बोलावणं येतं – वाढायला नव्हे, आता वय झालं, नुसतं उभं राहायला. सेतुमास्तर उभे आहेत म्हणजे पंगतीत डावं-उजवं होणार नाही, असं म्हणतात. मी पंचा खांद्यावर टाकून उभा राहतो, इकडे आमटी पोचली नाही, तिकडे भात हवाय, असं वाढप्यांना दटावतो. आणि लोक मान डोलावतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण – ही म्हण मी मुलांना शिकवली तेव्हा माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. आहे की नाही कमाल?

तर, गेल्या महिन्यात मी वर्गात शब्द दिला – पंक्तिप्रपंच. का दिला? खरंच माहीत नाही. जिभेला खाज सुटते कधीकधी. फळ्यावर लिहिला, जोडाक्षरं फोडून दाखवली. अर्थ सांगितला. एकाच पंगतीत बसलेल्या माणसांपैकी कुणाच्या पानात ओंजळभर, कुणाच्या पानात हात आखडून – तो पंक्तिप्रपंच. शब्द जेवणाचा, पण लागतो कुठेही. आई एकाच मुलाच्या भातावर जास्त तूप घालते, मास्तर एकाच्याच वहीवर शाबासकी लिहितात, कचेरीत साहेबांच्या मर्जीतल्या माणसाला पंख्याखालची खुर्ची मिळते, तिथेही हाच शब्द. आमचे तमिळ शेजारी ‘पंदि वंचनै’ म्हणतात. पंगतीतली वंचना. त्यांनी सरळ फसवणूकच म्हटलं आहे, बरं केलं. आणि वशिला वेगळा, हेही मी सांगितलं. वशिला लावणारा निदान कुणाच्या तरी दाराशी जाऊन मागतो. इथे मागावं लागत नाही. वाढणाऱ्याचा हात आपोआप वळतो. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं, असं आपण हसत म्हणतो ना? मुलंही हसली.

मग उदाहरण दिलं. मुलांना उदाहरणाशिवाय शब्द चिकटत नाही. ते उदाहरण काय होतं ते – थांबा. टाळत नाही. पण आधी काय घडलं ते सांगितल्याशिवाय त्या उदाहरणाची घाण तुम्हाला कळायची नाही.

आमच्या घरी दरवर्षी वेंकटेशाची समाराधना असायची. सकाळी पूजा, दुपारी नातलगांची आणि ओळखीच्यांची पंगत. त्या वर्षी तीस पानं होती. पुरणपोळ्या वैनींनी पहाटेपासून एकटीने लाटल्या. वाढायला मी. परात माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, “पानाला दोन-दोन, सेतू. वर चार आहेत त्या मागून येणाऱ्यांना.” त्यांनी सांगायची तशी गरज नव्हती. आमच्या घरात हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. वाढणाऱ्याने पानाकडे बघायचं, माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, असं वडील म्हणायचे.

मी तोंडाकडे बघितलं.

तोंड होतं एका साहेबांचं. शिक्षण खात्यातले, आमच्यातलेच, लांबच्या नात्यातले. मी त्या वेळी पापनाशमच्या शाळेत होतो. सकाळी बस, संध्याकाळी बस, बहुतेक वेळा उभ्याने. मला तंजावुरात बदली हवी होती. बस्स. घरात कुणी आजारी नव्हतं, नोकरीवर गदा आलेली नव्हती, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. मला बसमध्ये उभं राहायचा कंटाळा आला होता. तुम्ही काहीतरी मोठं कारण ऐकायला थांबला असाल तर ते नाही. कारण एवढंच आहे, पायांचा कंटाळा.

आणि पापनाशममध्ये गोपाळमामा राहायचे. आईचे चुलत भाऊ. भिक्षुकीची लहानसहान कामं करत, नवरा-बायको दोघं कसंबसं भागवायची. शाळेपासून घर पाच मिनिटांवर. नऊ वर्षं – नऊ वर्षं! – दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि मामींनी ताकाचा तांब्या पुढे केला. हिंग, कढीलिंब लावलेलं गार ताक. उन्हाळ्यात त्यांच्याकडे दूधच कमी यायचं, तेव्हा मामा म्हणायचे, आज मला नकोय, पोट बरं नाही. मला तेव्हाही कळायचं की त्यांचं पोट बरं आहे. मी ताक पीत असे.

त्या दिवशी दोघं बसने आले, थोडा उशीर झाला. मधली खोली भरली होती. मीच त्यांना म्हणालो, “मामा, तुम्ही घरचेच की. रेळींत बसा.” रेळी म्हणजे रस्त्याचं दार आणि मधली खोली यांच्यामधली बोळकंडी. आल्यागेल्याच्या चपला तिथेच निघतात. चपला पायाने बाजूला सारून मी दोन पानं मांडली. मामा हसून खाली बसले, मामींनी पदर सावरला. घरचेच! ज्याला कमी द्यायचं असतं तो आपल्याकडे नेहमी घरचाच असतो, हे तुमच्या लक्षात आलं आहे का?

पोळ्यांची फेरी सुरू झाली. साहेबांच्या पानात मी चार वाढल्या. पुरे म्हणत त्यांनी पानावर आडवा हात धरला. “पोदुम, पोदुम, शुगर आहे हो मला!” मी हसत हसत हात बाजूला करून वाढल्या, वर तूप. मला वाटलं हा आग्रह. आता, एका पानात चार पडल्यावर शेजारच्या पानात दोन कशा टाकणार? त्यांच्या बायकोला तीन. जावयाला तीन. जावयापलीकडच्या वकिलाने बघितलं, म्हणून त्याला तीन. एकदा हात सैल सुटला की थांबवता येत नाही – मला आवरताही आला नाही आणि आवरायचाही नव्हता. अर्धी पंगत झाल्यावर परात हलकी लागायला लागली, तेव्हा पुढच्यांना दोन, मग पुढच्यांना एक. गणिताचा मास्तर मी. तीस पानांचा भागाकार मला येत नव्हता असं कुणी म्हणेल का? रेळीत पोचलो तेव्हा परातीत एकच पोळी होती. ती मी मामींच्या पानात ठेवली. मामांपर्यंत उरली नाही.

असं मी लिहितो आहे. पुढे बघू.

मी स्वयंपाकघरात परत आलो. वैनी चुलीपाशी होत्या. रिकामी परात मी त्यांच्या हातात दिली आणि तुपाचं भांडं उचललं. तेवढ्यात रस्त्याच्या दाराची कडी वाजली. गोपाळमामा उठले होते. पंगत चालू असताना, भात पानात असताना, माणूस हात धुऊन उठला – आमच्याकडे ह्याहून मोठा बोभाटा नाही. घराला शाप दिल्यासारखंच. मामीही मागोमाग उठल्या. अण्णा धावला. उंबऱ्यापाशी मामा त्याला एवढंच म्हणाले, “पंक्तिप्रपंच झाला, अण्णा. पुन्हा बोलावूं नका.” कुणी केला ते बोलले नाहीत. चपला शोधायला त्यांना वेळ लागला, कारण मी त्या सारून ठेवल्या होत्या. मग दोघं बस-स्टँडकडे चालायला लागली.

अण्णाने रेळीतली पानं बघितली. एका पानात एक पोळी, न मोडलेली. दुसऱ्यात नुसता भात. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “रेळींत कोण वाढलं?”

परात वैनींच्या हातात होती.

मी म्हणालो, “मी तुपाला आलों होतों.”

एवढंच. चार शब्द. वैनींनी वाढलं असं मी म्हटलंच नाही – बघा, कसा सफाईदार माणूस! मी फक्त स्वतःला तिथून उचललं आणि मोकळी जागा त्यांच्याकडे सरकवली. अण्णाने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या वाट बघत राहिल्या. भांड्यातलं तूप कडेला येऊन माझ्या अंगठ्यावर सांडलं तेवढा वेळ. त्यांनी मला तेवढा वेळ दिला होता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर उमगलं वगैरे काही नाही. कळलं होतं आणि मी तुपाकडे बघत राहिलो.

अण्णा म्हणाला, “ह्यापुढे पंगतींत परातीला हात लावूं नकोस.”

वैनी म्हणाल्या, “बरं.”

मग अण्णाने बाहेर जाऊन, सगळ्या पंगतीसमोर हात जोडून सांगितलं की घरच्या बाईकडून चूक झाली. रेळीत कुणी वाढलं ते मधल्या खोलीतल्या कुणाला दिसलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, असू द्या, असू द्या. पंगत उठल्यावर पानं मी उचलली. साहेबांच्या पानात तीन पोळ्या तशाच होत्या, एक चिमूटभर मोडलेली. ते पान मी गुंडाळून मागच्या गल्लीत गाईपुढे टाकलं. गाईने आधी केळीचं पान खाल्लं.

बदलीचं विचारताय? दोन वर्षांनी झाली, माझ्या पाळीने, जशी सगळ्यांची होते. साहेब तोवर निवृत्त झाले होते. त्यांना माझं नावही आठवत नव्हतं. म्हणजे एवढं शेण खाऊन त्याची चवसुद्धा मिळाली नाही. पण मिळाली असती तर काय, ते शेण कमी झालं असतं?

त्या दोन वर्षांत मी दुपारी गोपाळमामांकडे गेलो नाही. बसमधून उतरलो की मुद्दाम देवळामागच्या लांबच्या रस्त्याने शाळेत जायचो. दुपारी तहान लागली तर शाळेच्या नळाचं पाणी. पुढे मामा गेले, मला निरोप आला होता, मी अंगात कणकण आहे म्हणून गेलो नाही. वैनी आणि अण्णा जाऊन आले.

वर्षभराने पापनाशमच्या बस-स्टँडवर मामी भेटल्या. टाळायला वाव नव्हता. त्यांनी माझी चौकशी केली, बारीक झालास म्हणाल्या. मग आपण होऊन सांगितलं – समाराधनेच्या दुसऱ्या दिवशी वैनी एकट्या बसने त्यांच्याकडे गेल्या होत्या. डब्यात पोळ्या घेऊन. दोघांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, माझ्याकडून चुकलं. मामा म्हणाले, तुझा हात मला माहीत आहे ग, वाढणारा हात मी बघितला आहे. तर वैनी रडायला लागल्या आणि म्हणाल्या, असूं द्या मामा, लहान आहे तो. मी तेव्हा पन्नाशीला आलेलो होतो. लहान आहे तो!

मामींनी हे सांगितलं त्यात जराही डंख नव्हता. मला वाटतं त्यांना वाटत होतं की मला ठाऊक असेल. मी ‘हो’ म्हणालो. मग माझी बस आली.

म्हणजे वैनींना सगळं ठाऊक आहे. पहिल्यापासून. गेली अठरा वर्षं त्या पहाटे उठून सगळ्यांच्या पंगतींचा स्वयंपाक करतात – आमच्यात कुणाकडेही कार्य असो, पुरण त्यांच्याच हातचं लागतं – आणि पानं मांडली की पदराला हात पुसून स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहतात. नात्यातल्या नव्या सुना त्यांच्या हातून परात काढून घेतात, हळूच, हसून. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. वैनींना वाढायची हौस होती, फार. कुणाला काय आवडतं, कुणाला किती लागतं, त्यांच्या ध्यानात असे. वांग्यांची रसवांगी कुणाच्या पानात दोनदा फिरवायची ते न विचारता कळे. ते सगळं एका दुपारी बंद झालं आणि बंद मी केलं. मला ते उघडायला चार शब्द पुरले असते, बंद करायला पुरले तेवढेच. अठरा वर्षांत किती दुपारी येतात? मी गणिताचा मास्तर, पण हे मी मोजलेलं नाही.

अण्णा गेला तो हीच गोष्ट खरी धरून. शेवटच्या दिवसांत इस्पितळात त्याने मला जवळ बोलावलं. म्हणाला, तिला सांग, समाराधनेचं मी केव्हांच सोडून दिल्हें. माफ केलं म्हणून सांग. मला बोलवत नाही तिच्याशी. – तेव्हा तरी? खोलीत आम्ही दोघंच होतो. तो ऐकत होता. शुद्धीवर होता. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, सांगतो.

आणि सांगितलं! इस्पितळाच्या आवारात, वैनी फ्लास्क धूत होत्या तिथे जाऊन, माझ्या तोंडाने, त्यांना – अण्णाने तुम्हाला माफ केलं आहे. मी. त्यांना. वैनींनी फ्लास्क उपडा केला, पाणी झटकलं आणि म्हणाल्या, “बरं.”

आता ते उदाहरण.

त्या रविवारी मी मुलांना सांगितलं, आमच्याच घरात एकदा पंक्तिप्रपंच झाला होता. घरातल्या एका बाईने बड्या पाहुण्यांना चार-चार पोळ्या वाढल्या आणि दाराशी बसलेल्या गरीब मामांना एकही नाही. मामा उठून गेले. त्या बाईला पुन्हा कधी वाढू दिलं नाही. बघा, एका शब्दाला केवढी शिक्षा! – असं मी म्हणालो. रंगवून म्हणालो. हातवारे केले. वाढल्यासारखं करून दाखवलं. नाव घेतलं नाही, मी नाव कधी घेत नाही, पण आमच्या घरात बायका कितीशा आहेत? मुलं काही बावळट नाहीत. आणि स्वयंपाकघर त्या खोलीला लागून आहे. फोडणीची मोहरी तडतडलेली मला ऐकू आली होती, म्हणजे माझंही तिकडे ऐकू जात होतं. मी आवाज खाली केला नाही. का केला नाही? अठरा वर्षं बोलून बोलून ती गोष्ट मला खरी वाटायला लागली होती का? नाही. एक क्षणही नाही. मला फक्त तिची सवय झाली होती. स्वतःच्या अंगाचा वास माणसाला येत नाही, तसं.

थोड्या वेळाने वैनी सुंडलाचं पातेलं आणि द्रोण घेऊन बाहेर आल्या. घरात, मुलांना, त्या वाढत. तेवढं एक उरलं होतं त्यांना – आठ-नऊ द्रोण, रविवारचे. त्यांनी पहिला द्रोण भरला, दुसरा भरला. तिसऱ्या जागी वैदेही बसली होती, दहा वर्षांची, वर्गातली सगळ्यांत हुशार. तिने द्रोण हातात घेतला आणि मान वळवून आधी शेजारच्या द्रोणात बघितलं, मग त्याच्या पलीकडच्या. मग स्वतःच्यात. चणे मोजत होती. नवा शब्द शिकली होती ना!

वैनींची पळी तिथेच थांबली. मग त्यांनी पातेलं वैदेहीपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “तूंच वाढ ग बाळे. अस्क्यांना सारखं वाढ.” आणि आत गेल्या. आवाज साधा होता. मुलांना काही वाटलं नाही. वैदेहीने अस्क्यांना, म्हणजे सगळ्यांना, नीट, सारखं वाढलं, मला शेवटी दिलं. मी माझा द्रोण घेतला. तुम्हाला वाटेल घास उतरला नसेल. उतरला. चांगलं झालं होतं सुंडल. मी सगळं खाल्लं.

तीन रविवार झाले. वैनी सुंडल करतात, पातेलं दाराच्या आत ठेवतात आणि बाहेर येत नाहीत. मुलांपैकी कुणीतरी उचलून आणतं.

आणि वर मी एक खोटं लिहिलं आहे. सरळ लिहायला बसलो आणि तिथेही हात वळला. परातीत एकच पोळी होती, मामांपर्यंत उरली नाही, असं लिहिलं ना? दोन होत्या. मामींना एक वाढली. दुसरी माझ्या हातात होती. मी मामांच्या पानावर वाकलो होतो, ती पोळी त्यांच्या भातापासून वीतभर उंचीवर होती, आणि त्यांनी तिला जागा करायला भात बोटांनी बाजूला सारला होता. तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज आला. काही मागत नव्हते ते, नुसते म्हणाले, वा, काय पोळी आहे! मी ताठ झालो. पोळी घेऊन वळलो, आत गेलो आणि साहेबांच्या पानात पाचवी टाकली. त्यांनी आडवा हात धरला होता, हाताच्या कडेवरून सरकवली. रेळीतून वळताना मी मामांकडे बघितलं होतं. ते पोळीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची बोटं भात सारून तशीच थांबली होती. गाईपुढे टाकलेल्या त्या पानात तीन पोळ्या होत्या असं लिहिलं. चार होत्या. चौथी मामांची.

हे वैनींनाही माहीत नसेल. मामांनी सांगितलं नसणार, सांगण्यासारखं नव्हतं ते.

आता दुपारचे साडेबारा झाले आहेत. मी झोपाळ्यावर बसून हे लिहितो आहे. तमिळमध्ये लिहिलं असतं तर लवकर झालं असतं. माझा हात तमिळला जास्त सरावलेला आहे, सगळी पत्रं, सगळे अर्ज मी त्याच लिपीत लिहीत आलो. तमिळमध्ये लिहून कागद इथे झोपाळ्यावर ठेवला असता तर वैनींनी जेवणं व्हायच्या आत वाचून काढला असता. मी मराठीत लिहायला घेतलं. आपली भाषा म्हणून घेतलं, असं पहिल्या ओळीला मी स्वतःला सांगितलं होतं. वर्गातल्या मुलांना हे वाचायला अजून दोन वर्षं लागतील. गेल्या वर्षी वैनींनी मला विचारलं होतं, सेतू, मलाही अक्षरं शिकवतोस की? मी म्हणालो होतो, ह्या वयात कसाला, वैनी, काय करायचं आहे शिकून.

आत पाटाचा आवाज झाला. पान मांडलं त्यांनी. आता हाक मारतील, मी बसेन, त्या वाढतील – मला आधी, माझं झाल्यावर स्वतःला.

कागद इथेच उघडा ठेवून उठतो आहे. लपवायची गरज नाही.